आईच्या गाडीचा क्लच: कामाच्या नोंदी

4 फेब्रुवारी 2024, रविवार

गेल्या सोमवारी संकष्टी होती. आई नेहमीसारखी गाडी काढून नागपूरच्या टेकडीच्या गणपतीला निघाली आणि बैद्यनाथ चौकातूनच परत आली. किल्ली टेबलावर ठेवत म्हणाली, "आता मी ऑटोनंच जात जाईन गं. सिग्नलवर डावा पाय थरथरतो." आई बासष्ट वर्षांची आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी, शाळेची नोकरी सांभाळून, तिनं हट्टानं गाडी शिकून घेतली होती. ती किल्ली तशी पडून राहिलेली मला बघवेना, म्हणून हे काम हाती घेतलं.

गाडी 2009 सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक, 81,000 किलोमीटर झालेली, क्लच केबलवर चालणारा. आज अर्धा तास मानेवाडा रोडवर फिरवून पाहिली. पेडल जड आहेच, पण मला जास्त खटकल्या त्या दुसऱ्याच गोष्टी. दाबताना ते अडखळत अडखळत आत जातं. सोडताना चिखलातून पाय काढावा तसं सावकाश मागे येतं. आणि पकड, म्हणजे जिथे क्लच धरून गाडी ओढायला लागतो ती जागा, अगदी वर, पेडल जवळजवळ पूर्ण सुटल्यावर येते. म्हणजे हाफ क्लचवर गाडी सरकवायची तर गुडघा उचलून अधांतरी धरावा लागतो. आईचा पाय थरथरणार नाही तर काय! सेल्फही (इंजिन सुरू करणारा स्टार्टर) सकाळी जरा मंद फिरतो. बॅटरी जुनी झाली असावी, ते नंतर पाहू.

नुसतं "जड आहे" म्हणून भागणार नाही, आकडा पाहिजे. मी बँकेत काम करते, लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरातला सुईवाला वजनकाटा उभा धरला, सुई शून्यावर आणली, पेडल आणि काटा यांच्यामध्ये वीतभर लांबीचा सागवानी ठोकळा ठेवला आणि दाराबाहेर खाली बसून दोन्ही हातांनी काटा रेटला. पेडलचा पूर्ण प्रवास 135 मि.मी. भरला. त्याच्या अर्ध्यावर खूण केली आणि तिथेच दोन मापं घेतली, एक पेडल हळूहळू आत जाताना आणि दुसरं हळूहळू सोडताना. दोन्ही पाच-पाच वेळा घेऊन मधला आकडा लिहिला.

आत जाताना 17 किलो. बाहेर येताना 6 किलो.

या दोन आकड्यांतला फरक फार कामाचा आहे. क्लचची स्प्रिंग दोन्ही वेळेस पायाला तेवढ्याच जोरानं मागे रेटते. घर्षण मात्र जाताना पायाला अडवतं आणि येताना स्प्रिंगला. म्हणून दोन्हींची सरासरी, 11.5 किलो, ही स्प्रिंगची. आणि फरकाचा अर्धा, 5.5 किलो, हे घर्षण. आईचा पाय जेवढं ढकलतो त्यातला जवळपास तिसरा हिस्सा कुठेतरी नुसता घासण्यात जातो. तो कुठे जातो ते शोधायचं.

11 फेब्रुवारी

डॅशबोर्डखाली उताणं पडून पेडलचा शाफ्ट काढला. मान अजून दुखते आहे. शाफ्टवर नायलॉनचे दोन बुश असतात, म्हणजे तो ज्यांत फिरतो ती कडी, त्यातला एक झिजून लंबगोल झाला होता. केबलचं टोक पेडलच्या ज्या आकड्यात अडकतं तो कोरडा ठणठणीत, आणि तिथे घासून चकचकीत खाच पडलेली. बुशची जोडी बदलली, आकड्याची खाच बारीक कानशीनं गोल केली, थोडं ग्रीस लावलं.

मग प्ले, म्हणजे पेडलची मोकळी चाल, मोजला. हाताच्या बोटानं पेडल दाबायचं आणि जिथे खरा जोर लागायला सुरुवात होते तिथपर्यंतचं अंतर पाहायचं. जेमतेम 5 मि.मी. निघाला, या गाडीला साधारण 20 हवा. पकड इतकी वर येण्याचं कारण हेच. इंजिनचा जोर गिअरबॉक्सकडे नेणारी क्लच प्लेट झिजत गेली की तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या पाकळ्या, पेडल दाबल्यावर त्यांना ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे सरकत येतात आणि प्ले आपोआप खाल्ला जातो. वेळच्या वेळी केबलचा नट सैल केला नाही तर बेअरिंग सदानकदा पाकळ्यांना टेकून फिरत राहतं, आणि शेवटी प्लेट घसरायला लागते. उलट प्ले फार ठेवला तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना गिअर किरकिरतो.

गिअरबॉक्सजवळचा नट फिरवून प्ले 20 वर आणला. नुसत्या तेवढ्यानं पकड दोन बोटं खाली आली.

आत 16, बाहेर 7. सरासरी तीच 11.5, घर्षण 4.5. पेडलची चीं चीं बंद झाली, पण मोठा चोर दुसरीकडे आहे.

18 फेब्रुवारी

आज केबल. गिअरबॉक्सकडचं टोक सोडवून आतली तार हातानं मागे-पुढे ओढून पाहिली. काहीही भार नसताना ती सुताच्या लडीसारखी सरकायला हवी. ही अडकत होती. एका जागी तर ठेच लागल्यासारखं जाणवत होतं.

यात माझीही चूक आहे. गेल्या पावसाळ्यात क्लच कडक लागला तेव्हा मी केबलमध्ये वरून इंजिन ऑइल सोडलं होतं. दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा जैसे थे. या केबलच्या आत प्लास्टिकचं अस्तर असतं आणि तार त्याच्यावर कोरडीच सरकावी अशी तिची रचना असते. तेल पडलं की धूळ धरते आणि त्याचा राप बनतो. ओढून काढलेली तार काळ्या चिकट लेपानं माखली होती. अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल घालायचं नाही, हे मी ठळक अक्षरात लिहून ठेवते आहे.

दुसरी गोष्ट वळणांची. बैलाचं दावं खुंट्याला दोन वेढे मारलं की शाळकरी पोरगंही बैल धरून ठेवतं. केबलमध्ये हेच उलटं होतं, तार जितकी वळते तितकी आवरणाला आवळून घासते आणि पायाचा जोर खाते. गणित करून पाहिलं. घर्षण गुणांक 0.15 धरला आणि केबल एकूण 180 अंश वळली, तर गिअरबॉक्सकडे 1 किलो पोचायला पेडलकडून 1.6 किलो ओढावं लागतं. तीच वळणं 120 अंशांवर आणली की 1.37. इथे वळण मोठं की छोटं याचा हिशोब येत नाही, एकूण किती अंश वळली तेवढंच मोजायचं. आमची केबल कोणीतरी वायरिंगच्या जुडग्याला प्लास्टिकच्या पट्टीनं आवळून ठेवली होती, त्यामुळे तिला एक फुकटचा नागमोडी वळसा पडला होता. पट्टी कापून टाकली.

कामठी रोडवरच्या दुकानातून नवीन केबल आणली. जुनी सोबत नेली होती, लांबी आणि दोन्ही टोकं दुकानातच जुळवून घेतली. तिथे उभ्या असलेल्या एकानं सल्ला दिला, "ताई, कायले एवढी मेहनत करता? गिअरबॉक्सवरचा लिव्हर इंचभर वाढवून वेल्डिंग मारा, पेडल फुलासारखं होते." होईल खरंच. पण लिव्हर लांब केला की तेवढ्याच पेडलमध्ये बेअरिंग कमी सरकतं, प्लेट पूर्ण सुटत नाही आणि गिअरबॉक्सचे दात झिजतात. हलकेपणाची किंमत दुसऱ्या ठिकाणी मोजायची आणि मूळ घर्षण तसंच ठेवायचं, हे मला पटत नाही.

आत 13.5, बाहेर 9.5. घर्षण 5.5 वरून 2 वर.

28 फेब्रुवारी, संकष्टी

आईनं गाडी नेली. मेडिकल चौक, बैद्यनाथ, कॉटन मार्केट, लोहापुलाखालून टेकडी, आणि परत. प्रसादाचा मोदक हातावर ठेवत म्हणाली, "बरीच हलकी झाली गं." मी दिवसभर खुशीत.

10 मार्च

शेजारच्या काकूंनी त्यांच्या गाडीचं विचारलं. त्यांचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा आहे, तिथे केबलच नाही. त्यांचं पेडल मऊ, दोन-तीनदा दाबल्यावर धरणारं. म्हणजे जवळपास नक्कीच लाइनमध्ये हवा आहे, किंवा मास्टर (पेडलकडच्या) अथवा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडच्या) सिलिंडरचं रबर गेलं आहे. ऑइल काढून पाहिलं तर चहासारखं तपकिरी. यात ब्रेक ऑइलच असतं, ते हवेतलं पाणी शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदलायला हवं. हवा काढून नवीन ऑइल भरायला सांगितलं.

17 मार्च

पुन्हा कडक.

आई काही बोलली नव्हती, पण गुरुवारी ती ऑटोनं गेली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आज मोजलं. आत 15.5, बाहेर 7.5. सरासरी 11.5, म्हणजे स्प्रिंग जागच्या जागी. घर्षण 2 वरून 4. चार आठवड्यांत नवीन केबल गेली. केबल सोडवून ओढली तर मधोमध तीच ठेच.

दुकानदाराला दोष देण्याच्या तयारीनं निघाले होते, पण आधी मिस्त्री काकांकडे गेले. काका आमच्या बाबांच्या वेळेपासूनचे. केबल गाडीतच ठेवून त्यांनी तिचं आवरण एका बाजूनं चिरलं. प्लास्टिकचं अस्तर एका जागी वितळून सुरकुतलं होतं, मेणबत्तीच्या ओघळासारखं. मी म्हटलं, सायलेन्सरच्या पाइपाला टेकत असेल. काकांनी मान हलवली. "पाइप तं तिकडच्या बाजूनं आहे ना, ताई. सेल्फ मारताना केबलले हात लावून पाहिला का?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी मला गाडीत बसवलं, चार वेळा सेल्फ मारायला लावला आणि बॉनेटखालून हाक मारली, "या, पहा." केबलचं आवरण कोमट नव्हे, चांगलं गरम लागत होतं. इंजिन अजून थंड होतं!

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीनं ते बॉडीपासून तुटलेलं. स्टार्टर फिरताना छोट्या गाडीतही शंभरावर अँपिअर करंट ओढतो आणि तो करंट इंजिनकडून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जातो अर्थिंगच्या जाड पट्टीतून. ती पट्टी तुटली किंवा गंजली की करंट दुसरी वाट शोधतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं दुसरं लोखंड म्हणजे क्लचची केबल आणि अॅक्सिलरेटरची केबल. बिचारी तार तेवढ्यासाठी केलेलीच नसते. दर वेळी सेल्फ मारला की ती तापते आणि आतलं अस्तर थोडं थोडं वितळतं.

आणि मी महिनाभर मंद सेल्फचं खापर बॅटरीवर फोडत होते.

घरी येऊन मल्टिमीटर लावला. एक टोक इंजिनच्या उघड्या धातूला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, आणि धाकट्या भावाला सेल्फ मारायला सांगितलं. 1.7 व्होल्ट. हा आकडा 0.2 च्या आसपास असायला हवा. खाली वाकून पट्टी शोधली. वरचं आवरण शाबूत, आत तांब्याची जाळी हिरवी पडून तुटलेली, दोन-चार धाग्यांवर लोंबकळणारी. गिअरबॉक्सकडच्या बोल्टखाली गंजाचा थर. हाताचा स्पर्श झाला तशी ती माझ्या बोटांतच सुटली. मला तिचं फोटो काढायचंही सुचलं नाही, नुसती पाहत राहिले. आईच्या गुडघ्याचं दुखणं इथवर येऊन पोचलं होतं.

24 मार्च, होळी

संध्याकाळी चौकात होळी पेटायच्या आत काम संपवायचं ठरवलं होतं. अर्थिंगसाठी 25 चौ.मि.मी.ची वेल्डिंग केबल घेतली, दोन्ही टोकांना तांब्याचे लग (बोल्टखाली बसणारी कडी) दाबून बसवून घेतले. बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडला. गिअरबॉक्स आणि बॉडी, दोन्हीकडच्या जागा पॉलिश पेपरनं घासून पांढरा धातू काढला, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीसचा लेप दिला, गंज धरू नये म्हणून. धातू आणि लग यांच्या मध्ये रंग किंवा गंज राहिला तर सगळी मेहनत वाया जाते, त्यामुळे हे घासणं अजिबात आटोपतं घेतलं नाही.

सेल्फ मारला. 0.15 व्होल्ट. आणि तो जुन्या बॅटरीवर असा फिरला की भाऊ म्हणाला, "नवीन टाकली का?"

मग तिसरी केबल.

9 एप्रिल, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर मोजणी. आत 13.5, बाहेर 9.5. दोन आठवड्यांत आकडा हललेला नाही. दहा वेळा सेल्फ मारूनही केबल थंड.

आता उरलं ते स्प्रिंगचं. 11.5 किलो ही सरासरी पहिल्या दिवसापासून तशीच आहे, म्हणजे पेडल आणि केबल कितीही सुधारली तरी ती हलणार नाही, तिचं घर गिअरबॉक्सच्या आत आहे. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेटची तबकडीसारखी स्प्रिंग वेगळ्या कोनात बसते आणि तिला दाबायला नव्या प्लेटपेक्षा जास्त जोर लागतो. शिवाय पहिल्या गिअरमध्ये सोडताना गाडी थरथरते. 15 वर्षं, 81,000 किलोमीटर, बहुतेक सगळी शहरात आणि हाफ क्लचवर. गिअरबॉक्स उतरवायचा.

19 एप्रिल, शुक्रवार

मतदानाची सुट्टी. सकाळी सातलाच आई आणि मी रांगेत उभ्या होतो, उन्हाच्या आधी. दहा वाजता काकांचं शटर अर्धं उघडलं. त्यांच्याही बोटाला शाई होती.

दुपारपर्यंत गिअरबॉक्स खाली. काकांनी मला शेजारी बसू दिलं, हे मला फार आवडलं. जुन्या क्लचची धूळ फुंकायची नाही, हवाही मारायची नाही, जुन्या प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांधून टाकलं. प्लेटवर रिव्हेटच्या डोक्याच्या वर अर्धा मि.मी.सुद्धा अस्तर उरलं नव्हतं. प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांच्या टोकांना बेअरिंगनं गोल चर पाडली होती. फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्याला धरते त्या इंजिनच्या जड चाकावर, निळे डाग होते पण भेगा नव्हत्या, पॉलिश पेपरनं साफ करून ठेवला.

मला मात्र सगळ्यात जास्त पाहायचा होता तो बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कचा शाफ्ट. काकांनी तो बुशमधून ओढला तेव्हा त्याच्यासोबत लाल, मऊ भुकटी बाहेर आली, कुंकवाच्या डबीतून सांडावी तशी. सुकलेल्या लोखंडाला लोखंड बारीक बारीक घासत राहिलं की हीच भुकटी होते. उरलेल्या 2 किलो घर्षणातलं काही या भुकटीत होतं. बेअरिंग ज्या नळीवर सरकतं तिच्यावरही नखाला लागेल अशी पायरी पडली होती. पेडल अर्ध्यावर आलं की अडखळायचं, ते इथे. नळी बदलली, शाफ्टचे दोन्ही बुश बदलले.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम नवीन. एवढा गिअरबॉक्स उतरवून एखादी वस्तू जुनी ठेवणं म्हणजे पुन्हा तेवढ्याच मजुरीला आमंत्रण. इंजिनचा मागचा ऑइल सील कोरडा होता, तो तसाच ठेवला. प्लेट ज्याच्यावर सरकते त्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या खाचांना काकांनी बोटाच्या टोकावर मावेल एवढंच उष्णता झेलणारं ग्रीस लावलं आणि त्यातलंही अर्धं पुसून घेतलं. "जास्त लावलं तं उडून प्लेटवर जाते. मंग प्लेट घसरते आन् लोक म्हणते माल खराब होता."

प्लेट मधोमध बसवायला जुन्या इनपुट शाफ्टचा तुकडा वापरला, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळले. गिअर ऑइल नवीन.

20 एप्रिल

प्ले 20 मि.मी. लावून मोजणी. आत 11, बाहेर 8. सरासरी 9.5, घर्षण 1.5. पहिल्या दिवशी 17 होते.

आकड्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पकड आता एका जागी येत नाही, दोन बोटांच्या पट्ट्यात हळूहळू येते. डोळे मिटून बसले आणि पेडल सोडत गेले तर पायाच्या तळव्याला कळतं, आता गाडी ओढायला लागली. आधी घर्षण एवढं होतं की ही हालचाल पायापर्यंत पोचायचीच नाही. आईला किती हलकं हवं याचाच विचार मी सुरुवातीला करत होते, पण खरी अडचण तिच्या पायाला खबर मिळत नव्हती ही होती, ती खबर वाटेतच हरवत होती.

नवीन प्लेट बसेपर्यंत पहिले 500 किलोमीटर सांभाळून चालवायचे, चढावर हाफ क्लचवर गाडी धरायची नाही, हँडब्रेक वापरायचा.

27 एप्रिल, संकष्टी

सीट एक खाच पुढे घेऊन दिली. पेडल पूर्ण दाबलेलं असताना गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे, आईचा पाय ताणला जात होता. हे पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं, फुकटचं काम.

आई संध्याकाळी उन्हं कलल्यावर निघाली. मी शेजारी बसले, बोलायचं नाही असं ठरवून. लोहापुलाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती, पुढे ऑटो, मागे बस. आईनं सहा-सात वेळा गाडी दोन-दोन हात सरकवली. मी तिच्या डाव्या पायाकडे पाहत होते. पाय स्थिर. सातव्यांदा थांबल्यावर तिनं पेडल दोनदा उगाच दाबून सोडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हं. आता सांगते ती मला."

5 मे

प्ले 18 मि.मी. नवीन प्लेट बसताना थोडा कमी होणारच, नट अर्धा फेरा सैल करून 20 केला. अर्थिंग 0.15 व्होल्ट, जसंच्या तसं. दुपारी दोन वाजता, गाडी उन्हात तापलेली असताना मुद्दाम मोजलं. आत 11, बाहेर 8. पुढची मोजणी 500 किलोमीटर झाल्यावर.

किल्ली आज टेबलावर नव्हती. आई ती पर्समध्ये घेऊन धरमपेठेत मावशीकडे गेली आहे.